झोपेचे औषध देण्यापूर्वी

बोरगाव मेघे हे गाव वर्धा शहराला इतके लागून आहे की, शहर कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते हे नवख्यास कळू नये. येथे नोकरदार व विद्यार्थी राहतात, तशीच भोवतालच्या शिवारात कपाशी, तूर आणि सोयाबीन पिकविणारी कुटुंबेही राहतात. अशा परिसरातील दवाखान्यात वा औषधालयात ‘मनावर ताण आहे’ असे सांगत रुग्ण क्वचितच येतो. ‘झोप लागत नाही’, ‘अन्न पचत नाही’, ‘डोके जड राहते’, ‘छातीत धडधडते’ असे तो म्हणतो आणि एखादी बाटली मागतो. ती बाटली देण्यापूर्वी वैद्याने व औषधालय चालकाने काय करावे, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

तक्रार पोटाची, मूळ मनाचे

योग्य मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नदेखील चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळे पचत नाही, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात स्पष्ट सांगितले आहे. त्याच स्थानात चित्तोद्वेगाची गणना मानस विकारांत केलेली आहे. तेव्हा केवळ पाचक चूर्ण देऊन अशा रुग्णाची बोळवण करणे शास्त्रास धरून होत नाही.

सूत्रस्थानात लोभ, शोक, भय, क्रोध हे मनाचे वेग धारण करावेत, असे म्हटले आहे. मात्र निद्रा आणि अश्रू यांचा समावेश अधारणीय वेगांत आहे. घरच्या कर्त्या पुरुषाने रडू नये अशी आपल्याकडील समजूत. आचार्यांचे मत नेमके उलट. अश्रूंचा वेग अडविल्याने होणाऱ्या विकारांवर त्यांनी निद्रा आणि मनाला प्रिय अशा गोष्टी सांगितल्या आहेत. त्याच ओळीत मद्याचाही उल्लेख आहे, हे वैद्यबंधू जाणतातच. परंतु वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी असूनही चोरट्या दारूने घरे मोडतात आणि खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो. ताण हलका करण्याची ही दोन साधने मोडून काढणे, हाच येथे पहिला उपचार होय.

रात्र कोठे जाते?

निद्रानाशाच्या रुग्णास आम्ही प्रथम एकच प्रश्न विचारावयास सुचवितो : ‘रात्री आपण कोठे असता?’ रानडुकरे व रोही यांपासून पीक राखण्यासाठी आपल्याकडे शेतकरी जागलीला जातो. कृषिपंपाची वीज रात्री मिळत असेल, तर ओलितासाठीही त्याला जागावे लागते. हा निद्रानाश नव्हे, हे रात्रिजागरण आहे. त्याने वात वाढतो, रूक्षता येते आणि लहानसहान गोष्टींवर चिडचिड होते. वाग्भटाचार्यांनी यावर सोपा नियम दिला आहे : जितका वेळ जागरण झाले, त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या सकाळी जेवणापूर्वी झोपावे. जागलीच्या पाळ्या शेजाऱ्यांशी वाटून घेतल्या, तर हा नियम पाळणे शक्य होते. यास खर्च काहीच नाही.

रोजचे साधे उपाय

झोपण्यापूर्वी तळपायांस तिळाचे तेल चोळणे, डोक्यास तेल लावणे, ऋतूनुसार कोमट पाण्याने स्नान करणे आणि पचत असल्यास म्हशीचे दूध घेणे, हे उपाय निद्राजनक म्हणून ग्रंथांत सांगितलेलेच आहेत. जेवणाची वेळ निश्चित ठेवावी, सायंकाळनंतर चहा टाळावा, संथ दीर्घ श्वसन करावे.

याहून महत्त्वाचे म्हणजे एकटे राहू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भातील गावोगावी रुजविलेली सामुदायिक प्रार्थना, भजनी मंडळ, किंवा सायंकाळी दोघाचौघांनी मिळून फिरावयास जाणे, यांपैकी जे आवडेल ते करावे. येथून जवळच असलेल्या सेवाग्रामात १९३६ पासून महात्माजींनी प्रार्थना, सूतकताई आणि नित्य फेरफटका यांचे वेळापत्रक कसोशीने पाळले. राष्ट्राची चिंता वाहणाऱ्यासही दिनचर्येचा आधार लागतो, हे त्यावरून ध्यानी यावे.

औषधालय चालकांसाठी

ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, अश्वगंधा ही द्रव्ये उपयुक्त आहेत. पण मागेल त्यास देण्याची नाहीत. अश्वगंधा देण्यापूर्वी गर्भावस्था, यकृताचा विकार, थायरॉईडचे किंवा झोपेचे चालू औषध यांची चौकशी करावी. सर्पगंधायुक्त गोळ्यांविषयी अधिक दक्षता हवी. या वनस्पतीतील रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता आल्याच्या नोंदी १९५० च्या दशकातच झाल्या होत्या. जो आधीच निराश आहे, त्यास झोपेसाठी सर्पगंधा देणे टाळावे.

आपली मर्यादा

१ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यांत वर्धा जिल्हा होता. कर्ज आणि नापिकी यांवर शिरोधारा हा उपाय नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु असा माणूस पहिल्यांदा आपल्याच दारी येतो. ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे तो म्हणू लागला, अबोल झाला, देणीघेणी आवरू लागला, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे शांतपणे व सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलावयास वाट मिळते. होकार आल्यास त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना बोलावून घ्यावे, कीटकनाशके घरातून हलवून कुलपात ठेवण्यास सांगावे आणि सेवाग्राम वा सावंगी येथील रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे त्याच दिवशी पाठवावे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र निःशुल्क मिळते. हा क्रमांक प्रत्येक औषधालयाच्या दर्शनी भागी लावावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

रुग्णास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविल्याने वैद्याचा मान उणावत नाही. आठ दिवसांनी त्याची पुन्हा विचारपूस करणे, पथ्य व झोप यांची चौकशी करणे, हे काम तरीही आपलेच राहते. आणि ते गावातल्या वैद्याइतके चांगले दुसऱ्या कोणास जमणारे नाही.