सराफा बाजारातील खाद्यभ्रमंती : इंदूरच्या जुन्या वस्तीचे एक वाचन

प्रस्तावना

ऐतिहासिक नगराचा अभ्यास सामान्यतः वास्तू, दफ्तरे, सनदा आणि प्रवासवर्णने यांच्या आधारे केला जातो. रस्त्यावर उभ्याने खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांना या साधनांत सहसा स्थान मिळत नाही. अलीकडच्या काळात मात्र भारतातील अनेक जुन्या शहरांत जाणकार मार्गदर्शकाच्या सोबतीने पायी फिरत, ठिकठिकाणी पदार्थ चाखत वस्तीची माहिती घेण्याचा प्रकार रूढ झाला आहे. त्यास ‘खाद्यभ्रमंती’ असे म्हणता येईल. अशा भ्रमंतीकडे पाहण्याचे दोन दृष्टिकोन आढळतात. काहींच्या मते ती निव्वळ चैन आहे, तर काहींना ती इतिहासाचे जिवंत दर्शन वाटते. वस्तुतः तिचे मूल्य मार्गदर्शक काय सांगतो आणि कशाच्या आधारे सांगतो, यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात इंदूर येथील राजवाडा-सराफा परिसराचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार केला आहे. इंदूर हे होळकरांचे नगर असल्याने आणि तेथे मराठी भाषकांची जुनी वस्ती असल्याने मराठी वाचकास हे उदाहरण परके वाटणार नाही.

वस्तीची ऐतिहासिक पार्श्वभूमी

माळव्यातील मराठी सत्तेबरोबर अठराव्या शतकात इंदूरचे महत्त्व वाढले. अहिल्यादेवींचा कारभार (१७६७ ते १७९५) महेश्वर येथून चालत असे. ६ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूर येथे आली आणि राजवाड्याभोवतीच्या पेठा दाट होत गेल्या. राजवाडा सात मजली असून त्याचे खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी आहेत. १८०१ मध्ये सर्जेराव घाटगे यांच्या फौजेने इंदूर लुटले तेव्हा आणि पुढे १९८४ च्या दंगलीत या वाड्याने आग सोसली. जवळच कृष्णाबाई होळकर यांनी १८३२ मध्ये बांधविलेले गोपाळ मंदिर आहे. या दोन वास्तूंपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर सराफा लागतो.

सराफ हा शब्द आज सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यास लावला जात असला, तरी मुळात तो नाणी पारखणारा, बदलून देणारा व हुंडी वटविणारा होय. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात होती. १८३० नंतर कंपनी सरकारने तिच्यावर परवाना शुल्क बसविले, तेव्हा इंदूर हे या व्यवहाराचे एक प्रमुख केंद्र बनले. पुढे कापसाने अफूची जागा घेतली. या सर्व उलाढालीस पैसा पुरविणारी गल्ली म्हणजे सराफा. मारवाडी, गुजराती व जैन पेढीवाल्यांची ही वस्ती असल्याने येथील खाणे आजही पूर्णतः शाकाहारी आहे. येथे एक गोष्ट सहज लक्षात येते. रात्रिभोजनाचा त्याग काटेकोरपणे पाळणाऱ्या जैन कुटुंबांच्या दारातच हा बाजार सूर्यास्तानंतर भरतो.

एकाच ओट्याचे दोन मालक

सराफ्याचे खरे वैशिष्ट्य एखाद्या पदार्थात नसून जागेच्या वापरात आहे. दिवसा येथे दागिन्यांच्या पेढ्या चालतात. रात्री आठ-नऊच्या सुमारास त्यांचे दरवाजे बंद होऊ लागतात आणि त्याच पेढ्यांसमोरील ओट्यांवर व रस्त्यावर कढया, तवे, पराती मांडल्या जातात. मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी असते. सकाळी पुन्हा सोन्याचा व्यवहार सुरू होतो. सराफ बाजारातील केरकचऱ्यालाही मोल असते, कारण झारेकरी तो धुवून सोन्याचे कण काढतो. अशा गल्लीत तूप, साखरेचा पाक व तिखट यांचा व्यवहार रोज रात्री व्हावा आणि सकाळी त्याचा मागमूस उरू नये, यासाठी किती शिस्त लागत असेल याची कल्पना केलेली बरी. इंदूर २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशातील स्वच्छ शहरांत पहिले ठरले. त्या यशाची चर्चा होताना रात्रीच्या या झाडलोटीचा उल्लेख क्वचितच होतो.

ही व्यवस्था कशी जन्मली, याविषयी परिसरात एक परंपरा सांगितली जाते. रात्री गल्ली ओस पडली तर पेढ्यांना चोरांचे भय. खाणारे लोक जागते राहिले तर राखण आपोआप होते. म्हणून सराफांनीच खाद्यविक्रेत्यांना ओट्यावर बसू दिले, असे ही परंपरा म्हणते. तिला लेखी आधार नसला तरी ती टाकून देण्याजोगी नाही. दोन व्यवसाय एकमेकांच्या गरजेवर उभे होते, ही जाणीव तिच्यात जपलेली आहे.

या बाजारास इंदुरी लोक ‘चौपाटी’ म्हणतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गल्लीला हे नाव मिळाले, यावरून मुंबईच्या भेळ-पाणीपुरीचा दबदबा केवढा होता हे दिसते.

पदार्थांचे पुरावे

खाद्यभ्रमंतीत सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य म्हणजे अमुक पदार्थ होळकरांच्या काळापासूनचा आहे. या विधानाची तपासणी करण्याचे एक साधन पदार्थाच्या जिन्नसांतच असते.

साबुदाण्याच्या खिचडीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मराठी घरातील उपवासाचा हा पदार्थ इंदूरमध्ये रोजच्या खाण्यातला झाला आहे. महाराष्ट्रात ती तुपात जिरे-मिरचीची फोडणी देऊन, दाण्याचे कूट घालून परतली जाते. सराफ्यात साबुदाणा वाफेवर मऊ व मोकळा ठेवलेला असतो. गिऱ्हाईक आल्यावर त्यात मसाला, लिंबू, मिरची मिसळून वर फराळी चिवडा घालतात. मराठी वस्तीबरोबर ही खिचडी येथे आली असावी, हा तर्क योग्यच आहे. पण ती अहिल्यादेवींच्या काळापासूनची आहे, असे म्हणता येत नाही. आजचा भारतीय साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतून आला. त्रावणकोर संस्थानात त्याच्या लागवडीस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तेजन मिळाले. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा माल थांबल्यावर १९४० च्या दशकात तमिळनाडूतील सेलम भागात साबुदाण्याचा उद्योग उभा राहिला. त्यापूर्वीचा साबुदाणा सागो नावाच्या झाडाच्या गाभ्यापासून केलेला आणि बाहेरून आयात होणारा होता. म्हणजेच सराफ्यातील खिचडीची वाटी स्वस्त व सर्वांच्या आवाक्यातील झाली ती विसाव्या शतकात.

हाच न्याय खोबऱ्याच्या पॅटिसला लावता येतो. बटाट्याच्या पारीत खोबऱ्याचे सारण भरून तळलेला हा पदार्थ मराठी वाचकास उपवासाच्या पॅटिसची आठवण करून देईल. परंतु बटाटा उत्तर व मध्य भारतात सर्वत्र पसरला तो इंग्रजी अमलात, आणि नारळ तर माळव्यात पिकतच नाही. रेल्वे व घाऊक बाजारपेठ यांच्याविना हा पदार्थ संभवत नाही. ‘भुट्टे का किस’ म्हणजे मक्याची कोवळी कणसे किसून तुपावर व दुधात शिजविलेला पदार्थ. तो अस्सल माळवी समजला जातो, आणि पावसाळ्यातील माळव्याच्या शेतीशी त्याचे नाते खरेच आहे. परंतु मकाही अमेरिकेचाच. मिरचीविषयी वेगळे सांगावयास नको.

याउलट गराडू हा कोनफळाच्या कुळातील कंद आशिया खंडात पुरातन काळापासून खाल्ला जातो. थंडीच्या दिवसांत त्याचे तुकडे तळून, पुन्हा तव्यावर कुरकुरीत करून जिरावण नावाचा मसाला व लिंबू पिळून देतात. जिलेबीचा इतिहासही दीर्घ आहे. तिचे मूळ अरबी-फारसी प्रदेशात असले, तरी रघुनाथ गणेश नवाथे यांच्या सतराव्या शतकातील ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथात तिची कृती आढळते. सराफ्यातील ‘जलेबा’ हे तिचेच अवाढव्य रूप. एकट्याने तो संपविणे अवघड. इंदुरी शिकंजीबाबत पाहुण्याची हमखास फसगत होते. उत्तरेत शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत, तर इंदूरमध्ये ती आटवलेले दूध, मठ्ठा, केशर व सुकामेवा यांचे दाट, श्रीखंडाच्या जवळ जाणारे पेय आहे.

दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारा आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकामागून एक सोडणारा विक्रेता हे या भ्रमंतीतील सर्वाधिक छायाचित्रित दृश्य होय. ते कौशल्य वादातीत आहे. परंतु बहुतेक मार्गदर्शक येथेच सर्वाधिक वेळ घालवितात आणि ओटा कोणाचा, भाडे कोणास, रात्री दोननंतर भांडी कोठे ठेवतात, हे विचारावयाचे राहून जाते.

पायी पाहण्याची इंदुरी परंपरा

पायी फिरून नगर समजून घेण्याची कल्पना इंदूरला नवी नाही. स्कॉटिश नगरशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरचा दोन खंडांतील अहवाल १९१८ मध्ये सादर केला. गल्लोगल्ली हिंडून केलेल्या पाहणीवर तो आधारलेला होता. जुनी घरे सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध असे. वस्ती राखून, आवश्यक तेवढाच भाग काढून सुधारणा करावी, असे ते प्रतिपादन करीत. प्लेगच्या भयाने ग्रासलेल्या नगरात त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढविली आणि जे रस्ते अधिक स्वच्छ व दुरुस्त झाले असतील त्यांवरूनच ती जाईल असे जाहीर केले. नागरिकांनी घरे झाडून, रंगवून काढली. कोणता मार्ग निवडला जातो यावर त्या मार्गावरील लोकांचे वर्तन व मान अवलंबून असतो, हे गेडिस यांनी ओळखले होते. आजच्या मार्गदर्शकाच्या हातीही लहान प्रमाणात हीच शक्ती आहे. ज्या ओट्यापाशी तो थांबतो तेथे गिऱ्हाईक वाढते, आणि ज्याच्यासमोरून पुढे जातो तो विक्रेता ‘वारसा’ या शब्दाबाहेर राहतो.

‘पारंपरिक’ कोणास म्हणावे?

हा प्रश्न आता केवळ अभ्यासाचा उरलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील हरदा येथे फटाका कारखान्यात भीषण स्फोट झाला. त्यानंतर सराफ्याच्या अरुंद गल्लीतील गॅस सिलिंडर व गर्दी यांचा प्रश्न ऐरणीवर आला. सराफ व्यापाऱ्यांकडून चौपाटी अन्यत्र हलविण्याची मागणी होऊ लागली. ज्या गर्दीला कधीकाळी राखण मानले जात होते, तीच आता धोका मानली जाऊ लागली. २०२५ मध्ये पारंपरिक पदार्थांची दुकाने तेवढी ठेवावीत, नूडल्स, मोमो यांसारखी नवी दुकाने हटवावीत, अशी भूमिका महापालिकेकडून पुढे आली. आगीची भीती रास्त आहे आणि तिचा विचार झालाच पाहिजे. परंतु आगीचा धोका सिलिंडरच्या संख्येवर व गल्लीच्या रुंदीवर ठरतो; कढईत जिलेबी आहे की मोमो, यावर तो ठरत नाही.

पदार्थ जुना की नवा यावर विक्रेत्याची जागा ठरणार असेल, तर मार्गदर्शकाने सहज सांगितलेल्या कथेला पुराव्याचे वजन येते. वर पाहिल्याप्रमाणे खिचडी, पॅटिस, भुट्ट्याचा किस हे पदार्थ कधी ना कधी नवेच होते. त्या वेळी जर हा निकष लावला असता, तर आज ‘पारंपरिक’ म्हणून संरक्षण मिळणारे बरेचसे ओटे उभेच राहिले नसते.

या बाबतीत पथ विक्रेता (उपजीविका संरक्षण व पथ विक्री विनियमन) अधिनियम, २०१४ याचा आधार अधिक भक्कम आहे. या कायद्याने प्रत्येक शहरात पथविक्रेत्यांची समिती आवश्यक केली असून तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. विक्रेत्यांची पाहणी करून त्यांना प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. सराफ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग दुसऱ्या अनुसूचीत येतो. ज्या नैसर्गिक बाजारात पथविक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून घोषित करावा व तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे तत्त्व तेथे नमूद आहे. येथे कायदा बाजाराचे वय विचारतो, पदार्थाचे नव्हे. खाद्यभ्रमंतीच्या कार्यकर्त्यांस व नगर-इतिहासाच्या विद्यार्थ्यांस या तरतुदीची माहिती असणे अगत्याचे आहे, कारण पन्नास वर्षांचा पुरावा गोळा करण्याचे काम तेच करू शकतात.

हा पुरावा पाककृतीत सापडणार नाही. तो ओट्याच्या भाड्याच्या पावत्यांत, महापालिकेच्या जुन्या दाखल्यांत, विक्रेत्यांच्या घरातील छायाचित्रांत आणि वृद्ध कारागिरांच्या आठवणींत शोधावा लागेल. भाड्याच्या नोंदी कोठे असतील तर त्या सराफांच्या वहीखात्यांत, म्हणजे ओट्याच्या मागील बंद दारापलीकडे. महाविद्यालयांच्या इतिहास व समाजशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांना सराफ्यात नेताना एक वही सोबत द्यावी आणि प्रत्येक ओट्यावर पहिला प्रश्न ‘हा पदार्थ किती जुना?’ असा न विचारता ‘या ओट्यावर आपण कधीपासून बसता, आणि आपल्या आधी कोण बसत असे?’ असा विचारण्यास सांगावे.