देश दहा बेटांचा, माणसं जगभरची

१९८६ सालची गोष्ट. आमचं जहाज इंधन भरायला मिंडेलो बंदरात थांबलं होतं. मी तेव्हा थर्ड इंजिनियर होतो. काम रात्रभर चालणार होतं, म्हणून संध्याकाळी जरा धक्क्यावर उतरलो. शेजारच्या छोट्या मालवाहू बोटीतून पिंपं उतरत होती. एक-दोन नव्हेत, चांगली शे-दीडशे. प्रत्येक पिंपावर रंगाने नाव लिहिलेलं आणि त्यातली बहुतेक नावं बायकांची. मला वाटलं, तेल असेल. धक्क्यावरचा मुकादम हसला. म्हणाला, "तेल कसलं? कपडे, तांदूळ, साबण, वह्या. अमेरिकेतून मुलांनी आईला पाठवलंय."

मी मूळचा गुहागरकडचा. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर घर चालतं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण इथे एखादं घर किंवा एखादं गाव नव्हे, तर अख्खा देश तसा चालला होता. तेव्हापासून या देशाकडे माझं लक्ष आहे.

या देशाचं नाव काबो व्हर्दे. आपल्या शाळेच्या नकाशात 'केप व्हर्डे' असं असायचं. २०१३ साली तिथल्या सरकारने जगाला कळवलं की यापुढे आमचं पोर्तुगीज नावच वापरा. आफ्रिकेच्या पश्चिम टोकापासून, म्हणजे सेनेगलच्या किनाऱ्यापासून, सुमारे सहाशे किलोमीटर आत अटलांटिकमध्ये ही दहा बेटं आहेत. त्यातल्या नऊ बेटांवर वस्ती आहे. १४९७ मध्ये हिंदुस्थानच्या वाटेवर असताना वास्को द गामाची गलबतं इथल्या सांतियागो बेटावर थांबली होती. गोव्यावर राज्य केलं त्याच पोर्तुगिजांनी इथेही राज्य केलं आणि तेही १९७५ पर्यंत.

नावाचा अर्थ 'हिरवं भूशिर', पण बेटं कोरडी ठक्क. पाऊस वर्षातून दोन-तीन महिने, तोही आला तर. १९४० च्या दशकात दोन मोठे दुष्काळ पडले. १९४० च्या सुमाराला लोकसंख्या एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास होती, ती १९५० मध्ये दीड लाखावर आली. काही मेले, काही गेले. जाणाऱ्यांच्या जुन्या मोठ्या वाटा दोन. एक साओ तोमे बेटावरच्या कोकोच्या मळ्यांची. ती कंत्राटी मजुरी, जवळजवळ वेठबिगारीच. मिंडेलोची अनवाणी गाणारी गायिका सेझारिया एव्होरा हिचं 'सोदाद' हे गाणं जगभर गाजलं, ते याच वाटेबद्दल आहे. सोदाद म्हणजे दूर गेलेल्याची, दूर राहिलेल्याची हुरहूर.

दुसरी वाट अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकात न्यू बेडफर्डची देवमाशांच्या शिकारीची जहाजं ब्राव्हा आणि फोगो बेटांवरून खलाशी उचलत. त्यातली माणसं मॅसॅच्युसेट्समध्ये राहिली, गिरण्यांत आणि क्रॅनबेरीच्या मळ्यांत राबली. पुढे त्यांनी जुनी शिडाची जहाजं विकत घेऊन बेटांशी स्वतःचीच वाहतूक सुरू केली. आम्हा जहाजवाल्यांना त्यातलं 'अर्नेस्टिना' विशेष ठाऊक. १८९४ साली बांधलेलं हे जहाज १९४८ मध्ये एका काबो व्हर्दियन कप्तानाने घेतलं. १९६५ पर्यंत ते माणसं आणि माल घेऊन अटलांटिक ओलांडत होतं. लक्षात घ्या, तेव्हा जेट विमानं उडत होती! १९८२ मध्ये या गरीब देशाने ते जहाज अमेरिकेला भेट दिलं. भेट नेहमी श्रीमंताकडून गरिबाकडे जाते असं नाही, बरं का.

१९६० नंतर पुरुष रॉटरडॅमच्या गोदीत आणि लिस्बनच्या बांधकामांवर गेले, तर बायका इटलीत घरकामाला. या बायकांची मुलं मागे आजीकडे वाढली. आईचं पिंप येतं, आई येत नाही, असं बालपण तिथल्या कित्येक पिढ्यांनी काढलं आहे. विकासाच्या आकड्यांत हा खर्च कुणी धरत नाही.

५ जुलै १९७५ ला देश स्वतंत्र झाला. ज्याने लढा उभा केला, तो अमिल्कार काब्राल तो दिवस पाहायला नव्हता. १९७३ च्या जानेवारीत कोनाक्रीमध्ये त्याचा खून झाला होता. नव्या सरकारपुढे साहेल प्रदेशातला लांबलेला दुष्काळ होता. बाहेरून मदतीचं धान्य येत होतं. ते फुकट वाटायचं नाही असं त्यांनी ठरवलं. धान्य बाजारात विकलं आणि आलेल्या पैशातून लोकांना मजुरी दिली. दगडी बांध, रस्ते, झाडं लावणं, सगळी कामं त्यातून झाली. आपल्या रोजगार हमीची आठवण यावी अशीच पद्धत. झाडंही कोणती, तर आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो तीच!

पण मला खरी शहाणपणाची गोष्ट वाटते ती वेगळीच. अनेक देशांत बाहेर गेलेला माणूस संशयास्पद ठरतो, किंवा पैसे पाठवण्यापुरता आठवतो. काबो व्हर्देने त्याला मतदार केलं. तिथल्या संसदेच्या ७२ जागांपैकी सहा जागा परदेशी राहणाऱ्या नागरिकांच्या आहेत. दोन आफ्रिकेतल्या, दोन अमेरिका खंडातल्या आणि दोन युरोपातल्या. राष्ट्राध्यक्ष निवडतानाही त्यांना मत असतं. २००१ मध्ये पेद्रू पिरिश राष्ट्राध्यक्ष झाले ते वीसहून कमी मतांनी. अशा वेळी रॉटरडॅमच्या एका गल्लीलाही वजन येतं.

तीच गोष्ट पैशाची. बाहेरचा माणूस घर एकदम बांधत नाही. यंदा पाया, दोन वर्षांनी भिंती. राजधानी प्राइयामध्ये वर सळया तशाच उभ्या असलेली घरं जागोजागी दिसतात. अशा माणसाला आजचा पैसा उद्या तेवढाच राहील ही खात्री लागते. १९९८ मध्ये सरकारने पोर्तुगालशी करार करून आपलं चलन एस्कुडो पोर्तुगीज चलनाला बांधलं आणि पुढच्या वर्षी ते युरोला बांधलं गेलं. दर ठरला एका युरोला ११०.२६५ एस्कुडो. तो आजवर हललेला नाही. म्हणून परदेशातले लोक तिथल्या बँकांत ठेवी ठेवतात आणि त्या ठेवींवर देशातली कर्जं चालतात. २०२० मध्ये कोविडमुळे पर्यटन बसलं, हॉटेलं ओस पडली. घरी येणारे पैसे मात्र आटले नाहीत.

हिशेब मांडला तर प्रगती साधीसुधी नाही. २००७ च्या डिसेंबरात हा देश संयुक्त राष्ट्रांच्या 'अतिमागास' यादीतून बाहेर पडला. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मलेरियामुक्त जाहीर केलं. २०२५ मध्ये जागतिक बँकेने त्याला उच्च-मध्यम उत्पन्नाच्या गटात घातलं. तेल नाही, हिरे नाहीत, धड पाणीसुद्धा नाही. १९९१ पासून मात्र सरकारं मतपेटीतून बदलतात आणि हरलेला घरी जातो.

आता तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? अडचण ही, की जाणं थांबलेलं नाही. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या चार लाख एक्क्याण्णव हजारांच्या आसपास होती आणि २०२१ मध्येही जवळजवळ तेवढीच भरली. अकरा वर्षांत मुलं जन्मली नाहीत असं नाही, माणसं गेली. पूर्वी निरक्षर मजूर जायचा. आता सरकारी खर्चाने शिकलेली परिचारिका जाते, गवंडी जातो, बसचा ड्रायव्हर जातो. २०२२ पासून पोर्तुगालने पोर्तुगीजभाषक देशांसाठी व्हिसा सोपा केला, त्याने वाट अधिकच रुंद झाली. शिवाय नातवंडं आजीला ओळखतात, पण तिच्या बेटाला ओळखतातच असं नाही. आजी गेल्यावर पिंप कुणाच्या नावाने पाठवायचं?

याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण एक प्रसंग सांगतो. रॉबेर्तो लोपेश हा फुटबॉलपटू आयर्लंडमधल्या डब्लिनचा. आई आयरिश, वडील काबो व्हर्दियन. २०१८ मध्ये काबो व्हर्देच्या प्रशिक्षकाने त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये निरोप पाठवला. याला पोर्तुगीज येत नव्हतं. काहीतरी फालतू जाहिरात असेल म्हणून त्याने सोडून दिला. काही महिन्यांनी इंग्रजीत पुन्हा विचारणा झाली, तेव्हा कुठे त्याला उलगडा झाला की देश बोलावतोय!

१३ ऑक्टोबर २०२५ ला प्राइयाच्या मैदानावर काबो व्हर्देने एस्वातिनीला ३-० असं हरवलं आणि पहिल्यांदाच फुटबॉलच्या विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. लोपेश त्या संघात होता. रॉटरडॅममध्ये जन्मलेली मुलंही होती. मी इथे घरी बसून त्याची दृश्यं पाहिली. मिंडेलोचा तो मुकादम आज असलाच तर ऐंशीच्या घरात असेल. ती पिंपं घ्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या बायका येणार होत्या, त्यांना मी पाहिलं नाही. पहाटे चारला आमचं जहाज सुटलं.