आभाळ कोरडं, नदी दुथडी

ऑगस्टमध्ये पंढरपुरात कधी कधी आठवडाभर पावसाचा टिपूस नसतो, आणि तरीही एखाद्या सकाळी वाळवंटातले बुक्का-चुरमुऱ्यांचे गाळे घाईघाईने घाटावर हलू लागतात. कोळी बांधव होड्या वरच्या पायऱ्यांपर्यंत ओढून बांधतात. जुना दगडी पूल पाण्याखाली जातो, पुंडलिकाच्या मंदिरात पाणी शिरतं, पूर मोठा असला तर शिखर तेवढं दिसत राहतं. हे पाणी पंढरपूरचं नसतंच. ते दोनशे किलोमीटरहून लांब, सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळलेलं असतं.

पंढरपूरची ही नदी, भीमा, खेड तालुक्यात भीमाशंकरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. पण उतार पूर्वेकडे, म्हणून हे पाणी सुमारे 861 किलोमीटर वाहत जाऊन रायचूरजवळ कृष्णेला मिळतं आणि पुढे बंगालच्या उपसागरात जातं. वाटेत भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या नद्या घाटमाथ्याचा पाऊस घेऊन येतात. सोलापूरच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस. तहानलेल्या जिल्ह्यातून परक्या पावसाची नदी वाहते, हे भीमेचं खरं वैशिष्ट्य.

म्हणूनच पावसाळ्यात इथला शेतकरी आभाळाआधी वर्तमानपत्रातला दौंडचा विसर्ग बघतो. पुण्याकडची धरणं भरून सांडली की ते पाणी दौंडवरून उजनीत येतं. 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं 63.66 टीएमसी मृतसाठा आणि 53.57 टीएमसी उपयुक्त. दौंडला एक लाख क्युसेकचा प्रवाह चोवीस तास टिकला तर धरणात 8.64 टीएमसी पाणी येतं. रिकामा उपयुक्त साठा या वेगाने सहा-सात दिवसांत भरतो. उन्हाळ्यात वजा पातळीत गेलेलं धरण महिनाभरात ओसंडायला लागतं ते असं.

पण पंढरपूरचा पूर एकट्या उजनीच्या हातात नाही. भोरकडून येणारी नीरा उजनीच्या खाली, नरसिंहपूरला भीमेला मिळते. वीर धरणाचा विसर्ग आणि उजनीचा विसर्ग एकाच वेळी नरसिंहपूरला पोहोचले की पंढरपूरच्या नदीकाठच्या वस्त्या हलवाव्या लागतात. ऑगस्ट 2019 मध्ये हेच झालं.

धरणाच्या आधी तर इशारा देणारंच कुणी नव्हतं. औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला, माचणूरच्या काठी, 1695 पासून चार वर्षं होती. 1697 च्या पावसाळ्यात भीमेला अचानक महापूर आला आणि काठावरचे तंबू, माणसं, जनावरं वाहून गेली. दख्खन जिंकायला निघालेल्या फौजेला नदीकाठी तळ कुठे टाकू नये, हे भीमेनेच दाखवलं.

आता दुसऱ्या पुराकडे वळतो. माझ्या मते सोलापूरला खरा धोका त्याचाच आहे, आणि त्याच्याकडे आपलं लक्ष कमी आहे. हा पूर पूर्वेकडच्या आभाळातून येतो, परतीच्या पावसात, आणि नेमका उजनी काठोकाठ भरलेली असताना. ऑक्टोबर 2020 मध्ये बंगालच्या उपसागरातलं वादळी क्षेत्र आंध्र-तेलंगण ओलांडून थेट आपल्या डोक्यावरून गेलं. 14 ऑक्टोबरला पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. तिकडे बोरी नदीने अक्कलकोट तालुक्यातली गावं वेढली.

आणि मग सप्टेंबर 2025. या वेळी सीना. नगरकडून येणारी ही पर्जन्यछायेतली नदी. उन्हाळ्यात तिच्या पात्रात बाभळी आणि वाळूच. मराठवाड्याच्या बालाघाटात पाऊस कोसळला, सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही धरणं एकाच वेळी सोडावी लागली आणि करमाळा, माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापुरापर्यंत गावंच्या गावं पाण्यात गेली. लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद, वडकबाळला विजापूरचा, तिऱ्हे इथे मंगळवेढ्याचा. सीना पुढे हत्तरसंग कुडलला भीमेत मिसळते. भीमाही फुगलेली असली की सीनेच्या पाण्याला वाट मिळत नाही, फुगवटा मागे सरकतो आणि पाणी ओसरायला उशीर होतो.

पाटबंधारे खात्याने निळी आणि लाल पूररेषा आखण्याची पद्धत घालून दिली आहे: निळी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. सीनेच्या काठी ही रेषा गावकऱ्याला आपल्या घराच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. दौंडचा आकडा जसा घराघरात कळतो, तसा कोळेगावचाही कळायला हवा, आणि रात्री दोन वाजताही कळायला हवा.

कारण पूर ओसरल्यावर काय उरतं ते सीनाकाठी दिसलं. उसावर चिखलाचा थर, ठिबकच्या नळ्या बाभळीत गुंतलेल्या, विहिरी गाळाने बुजलेल्या, आणि काळी माती निघून जाऊन उघडा पडलेला मुरूम. खरडून गेलेल्या जमिनीसाठी सरकारने हेक्टरी 47 हजार रुपये रोख जाहीर केले, शिवाय रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामं. त्या रानात पुन्हा पीक उभं राहायचं तर आधी ट्रॉलीने गाळाची माती आणून ओतावी लागेल, आणि पुढच्या सप्टेंबरच्या आत बांध घालून ती धरूनही ठेवावी लागेल.