नवा संगणक, तरी डिस्कची तपासणी?

शाळेत नवा संगणक येतो आणि आठवड्याभरातच, सुरू करताना पडद्यावर डिस्क तपासत असल्याची सूचना झळकते. डिस्क बिघडली, असे लगेच म्हणता येत नाही.

ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. पुस्तके कपाटात असतात. कोणते कुठे, हे नोंदवहीत. डिस्कवरही माहिती आणि तिची नोंदवही वेगळी असते. नोंद चालू असतानाच वीज गेली, की दोन्हींचा मेळ बिघडू शकतो. विंडोजला विसंगती आढळली की ती डिस्कवर एक खूण करते आणि पुढच्या वेळी ती पाहून तपासणी सुरू होते. ही तपासणी मुख्यतः नोंदवहीची. एकदा दुरुस्ती झाली आणि सूचना पुन्हा आली नाही, तर काळजी नको.

तीच सूचना रोज येऊ लागली, तर मात्र कपाट पाहायला हवे. नवेपणाचा इथे भरवसा नाही. मुळात सदोष असलेले भाग बऱ्याचदा सुरुवातीलाच दगा देतात. आधी निकालपत्रके वगैरे फाइलींची प्रत दुसरीकडे काढावी. डिस्कचा कण न् कण वाचणारी लांबलचक तपासणी आम्ही त्यानंतरच करू, कारण दुखऱ्या डिस्कला तो ताण सोसेलच असे नाही.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवते. त्यांना 'स्मार्ट' म्हणतात. त्या दाखवणारे प्रोग्राम फुकट मिळतात. साटा जोडणीच्या हार्डडिस्कमध्ये साधारणतः 5 क्रमांकाला निकामी म्हणून बदललेले सेक्टर, 197 ला संशयित सेक्टर मोजलेले असतात. हे आकडे वाढत असतील तर हमीच्या मुदतीतच डिस्क बदलून मागावी. फक्त 199 वाढत असेल, तर बहुधा केबल सैल किंवा खराब असते. ती बदलायला पाच मिनिटे लागतात.