नाटकातला परदेश – भाग ५ : श्रीरंगपट्टणची यादी आणि धारवाडची चित्रफीत

गेल्या आठवड्यात आपण मराठी नाटकातली अमेरिका पाहिली. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’मध्ये ती रंगमंचावर येत नाही, पण नाना-नानींचा थोरला मुलगा मात्र तिने केव्हाच ठेवून घेतलेला असतो. महेश एलकुंचवारांच्या ‘युगांत’मध्ये अभय स्वीडनहून दुष्काळाने करपलेल्या धरणगावात परततो, तेव्हा आपल्याला स्वीडन कळतो तो त्याच्या तुटलेपणातूनच. आपल्या रंगभूमीवरचा परदेश बहुतेक वेळा असा माणसं गिळणारा. बंगळुरूत राहून लिहिलेल्या दिवंगत गिरीश कर्नाडांच्या दोन नाटकांत मात्र त्याची भूमिका वेगळी आहे. तिथे परदेशाकडे काहीतरी मागितलं जातं, किंवा परदेशातला माणूस आपल्याकडे काहीतरी मागतो. आणि कोण काय मागतो यावरून मागणाऱ्याच्या घरात काय नाही ते उघडं पडतं. कर्नाडांना फ्रान्स किंवा अमेरिका दाखवायचीच नाही. त्यांना हे उणेपण दाखवायचं आहे, असं माझं म्हणणं आहे.

पहिलं नाटक टिपू सुलतानाच्या स्वप्नांचं. भारतीय स्वातंत्र्याच्या पन्नाशीनिमित्त बीबीसी रेडिओने कर्नाडांकडून ते इंग्रजीत लिहवून घेतलं. पुढे ते ‘टिपू सुल्तान कंड कनसु’ या नावाने कन्नडमध्ये आलं. त्याचा आधार अस्सल आहे. टिपू आपली स्वप्नं स्वतःच्या हाताने फारसीत लिहून ठेवत असे. 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडल्यावर ती वही इंग्रजांच्या हाती लागली, पुढच्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना नजर झाली आणि आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यात 37 स्वप्नं आहेत. एका स्वप्नात चीनच्या बादशहाने टिपूसाठी पांढरा हत्ती पाठवला आहे. मराठ्यांवरच्या स्वारीच्या वेळचं आणखी एक स्वप्न पुरुषवेशातल्या बाईचं आहे, आणि त्याचा अर्थ टिपूने आमच्या पूर्वजांना फारसा मानवणार नाही असा लावला आहे. म्हैसूरच्या दरबारातून पाहिलं तर पुणेही परमुलूखच होतं, ही गोष्ट मराठी वाचकाने हे नाटक वाचताना विसरू नये.

या नाटकातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग लढाईचा नाही, तर फ्रान्सला निघालेल्या वकिलांना टिपू सूचना देतो तो आहे. इतिहासात हे वकील 1787 साली पाँडिचेरीहून निघाले आणि 10 ऑगस्ट 1788 रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात सोळाव्या लुईला भेटले. टिपूला इंग्रजांविरुद्ध लष्करी मदत हवी होतीच. पण त्याच्या मागण्यांत तोफा ओतणारे, घड्याळं करणारे, काचेचं आणि चिनी मातीचं काम करणारे कारागीरही होते. कर्नाड नेमकी ही कारागिरांची बाजू उचलतात. त्यांचा टिपू फ्रान्सच्या वैभवाने दिपत नाही. युरोपात सतत नवं काही घडतंय, तिथली माणसं यंत्रांचा विचार करतात, मग आपल्याकडे हे का सुचत नाही, अशी त्याची तळमळ आहे. म्हणजे त्या यादीतली प्रत्येक नोंद जितकी फ्रान्सबद्दल आहे, तितकीच म्हैसूरबद्दल. शत्रूच्या देशाबद्दल तर तो याहून पुढे जातो. इंग्रज ज्याच्यासाठी मरायला तयार होतात ते इंग्लंड त्यांच्या पायाखालच्या मातीपेक्षा किंवा त्यांच्या देवापेक्षा निराळंच काहीतरी आहे, ती एक कल्पना आहे, स्वप्न आहे, असं या टिपूला वाटतं. स्वप्नांची वही लिहिणाऱ्या राजाने शत्रूकडे सर्वांत मोठं स्वप्न आहे असं म्हणावं, यातच नाटकाचा कणा आहे.

यावर पहिला आक्षेप सहज येईल. बीबीसीने मागवलेलं, इंग्रजीत लिहिलेलं नाटक. इंग्रज श्रोत्याला सुखावण्यासाठी इंग्लंडची अशी थोरवी गायली नसेल कशावरून? पण मग त्या इंग्लंडचं नाटकात पुढे काय होतं ते पाहावं. 1792 च्या तहात टिपूला निम्मं राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये तर द्यावे लागलेच, शिवाय दोन लहान मुलंही कॉर्नवॉलिसकडे ओलीस ठेवावी लागली. कर्नाड हा प्रसंग जवळून रंगवतात, आणि ज्या इंग्लंडचं कौतुक ऐकलं तेच मुलांना तारण म्हणून मोजून घेताना दिसतं. शिवाय सगळी कथा उलगडते ती इतिहासकार किरमाणी आणि कॉलिन मॅकेन्झी यांच्या संभाषणातून. मॅकेन्झी म्हणजे श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात असलेला, दक्षिणेतली हस्तलिखितं गोळा करणारा आणि 1815 मध्ये भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झालेला अधिकारी. जिंकणाराच हरलेल्याच्या आठवणींची नोंद करतो, हे दृश्य लंडनमधल्या श्रोत्याला सुखावणारं खासच नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि त्याला अर्धीमुर्धी कबुली द्यावीच लागते. कोडगू आणि मलबारमध्ये टिपूने काय केलं, हे या नाटकात मागे पडतं. कर्नाडांचं टिपूवरचं प्रेम नाटकाबाहेरही लपलेलं नव्हतं. 2015 साली बंगळुरूच्या विमानतळाला टिपूचं नाव देता आलं असतं असं बोलून त्यांनी वाद ओढवून घेतला आणि दिलगिरीही व्यक्त केली. माझ्या मते हा टिपू जरा जास्तच उमदा उतरला आहे. तरीही या लेखापुरता मुद्दा वेगळा आहे: त्याच्या यादीत काय नव्हतं? वकील फ्रान्सहून परतले ते 1789 च्या मे महिन्यात; दोनच महिन्यांनी बॅस्तिय पडला आणि 1793 च्या जानेवारीत लुईचं मस्तक उडालं. टिपूने घड्याळजी मागितले, पण त्या देशात राजाला जाब विचारणारी जी माणसं तयार होत होती, ती मागावीत असं कोणत्या राजाला सुचेल? फ्रान्स त्याला सिंहासनावरून दिसेल तेवढाच दिसला. वाचक इतिहास जाणून हे नाटक वाचतो तेव्हा ही मर्यादा आपोआप दिसते. नायकाला उमदा करूनही लेखकाला ती झाकता आलेली नाही. मात्र ही मर्यादा एकट्या टिपूची नव्हती. 1792 च्या वेढ्यात हरिपंत फडक्यांची मराठी फौज इंग्रजांच्या बाजूने उभी होती. तिच्या सरदारांना तर यादी करण्याचीही गरज वाटली नव्हती.

आता दुसरं नाटक. ‘वेडिंग आल्बम’ 2008 मध्ये रंगमंचावर आलं आणि कन्नडमध्ये ते ‘मदुवे आल्बम’ झालं. घर धारवाडच्या एका सारस्वत कुटुंबाचं, म्हणजे सीमेलगतच्या मराठी वाचकाला अगदी शेजारचं. पडदा उघडतो तेव्हा या घरातली लग्नाची मुलगी विदुला कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःबद्दल बोलायचा प्रयत्न करते आहे आणि भाऊ चित्रीकरण करतो आहे. ही चित्रफीत जायची आहे तिला सांगून आलेल्या अमेरिकेतल्या स्थळाकडे, अश्विनकडे. लग्नासाठी ऑस्ट्रेलियाहून बहीण आली आहे, पण घर सगळं अमेरिकेकडे कान लावून आहे. अश्विन जेव्हा बोलतो तेव्हा कळतं की त्याचीही यादी आहे. अमेरिकेत सगळं मिळवून झालं, ते पोकळ निघालं; आता भारतीय संस्कारांची बायको हवी, तिने ते संस्कार तिकडे न्यावेत. गंमत अशी की ज्या मुलीकडून तो हे संस्कार मागतो, ती सायबर कॅफेच्या बंद खोपट्यात बसून अनोळखी माणसाशी काय बोलते, हे प्रेक्षकाने पाहिलेलं असतं. अश्विन मागतो ती वस्तू धारवाडच्या दुकानात शिल्लकच नाही.

या दोन नाटकांना एका दोरीत ओवणं ओढूनताणून आहे, असं कोणी म्हणेल. एक राजाची शोकांतिका, दुसरी मध्यमवर्गीय घराची तिरकस सुखात्मिका. एकीत फ्रान्सकडे माणसं मागितली जातात, दुसरीत अमेरिका माणूस मागते. पण ही उलटापालट हाच तर पुरावा आहे. श्रीरंगपट्टणला वाटलं की बुद्धी युरोपात आहे. अश्विनला वाटतं की सत्त्व धारवाडात आहे. दोघांनीही दुसऱ्या देशावर ते लादलं जे आपल्याकडे नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि दोघांनीही त्या देशात खरोखर काय चाललंय याची चौकशी केली नाही. ‘संध्याछाया’शी तुलना केली तर फरक लगेच जाणवतो. तिथे नाना-नानी काहीच मागत नाहीत, मुलाने यावं एवढंच, म्हणून अमेरिकेला निष्ठुर असण्यापलीकडे काही होताच येत नाही. दळवींचं नाटक जास्त रडवतं आणि रंगमंचावर ते जास्त पकड घेतं, हे मान्य. पण परदेशाबद्दल विचार करायला लावण्यात कर्नाड पुढे आहेत, कारण त्यांनी दोष परदेशाच्या माथी मारला नाही.

‘वेडिंग आल्बम’ मात्र दोष घरावरही पुरता येऊ देत नाही. विदुला अश्विनला होकार देते, आणि तो होकार फसवणूक आहे, सुटका आहे की निव्वळ व्यवहार, हे कर्नाड मोकळं सोडतात. काहींना हा लेखकाचा पळपुटेपणा वाटतो. मला तो या नाटकातला सर्वांत प्रामाणिक निर्णय वाटतो. परदेशी स्थळाला हो म्हणणाऱ्या किती मुलींनी स्वतःलाही याचं स्वच्छ उत्तर दिलं असेल?

पुढच्या भागात खाडिलकरांचं ‘कीचकवध’ घेऊ. 1907 च्या त्या नाटकात परदेशी सत्तेला पुराणातला वेश चढवावा लागला आणि तरीही 1910 मध्ये सरकारने ते बंद केलं. तोवर वाचकांनी कर्नाडांची ही दोन नाटकं जरूर वाचावीत, आणि आधी ‘वेडिंग आल्बम’ वाचावं. अश्विनची यादी डोक्यात असताना टिपूची यादी वाचली की तिचा खरा अर्थ जास्त लवकर ध्यानात येतो.