लाँच बुडाल्यावर पुरावा कोणी जपायचा?

18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि 15 माणसं गेली. इंजिनाच्या चाचणीवर निघालेली ती बोट कशी घिरट्या घालत आली, हे सगळ्यांनी पाहिलं ते लाँचवरच्या एका प्रवाशाच्या मोबाइलमुळे. तो व्हिडिओ नसता, तर टक्कर कशी झाली हे कळायला फक्त माणसांच्या आठवणी उरल्या असत्या.

रस्त्यावर टायरचे वण राहतात, काचांचा खच राहतो. पाणी थोड्याच वेळात सपाट होतं. पंचनामा बहुतेकदा धक्क्यावर ओढून आणलेल्या बोटीचा होतो, आणि ती बोट दुरुस्तीला गेली की तोही दुवा तुटतो. म्हणून ‘पोलीस आलेत, आता पुरावा ते बघतील’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. पोलीस गुन्हा शोधतात. तुमचा खांदा किती निकामी झाला, किती दिवसांची मजुरी बुडाली, याचा हिशेब त्यांच्या कागदांत नसतो. तो घरच्यांनाच जमवावा लागतो, आणि तोही दुःखाने मन बधिर झालेल्या दिवसांत.

दुसरा समज दाव्याच्या जागेचा. गाडीच्या अपघातासारखी मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येईल, असं अनेकांना वाटतं. मोटार वाहन कायदा रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांचा आहे, बोट त्यात बसत नाही. मात्र तिकीट काढून बसलेला प्रवासी ग्राहक असतो, आणि लाँचवाल्याच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल तो जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. ही वाट लोकांना वाटते तितकी खर्चिक नाही. आयोगाचं शुल्क मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरतं, आणि 5 लाखांपर्यंत ते शून्य आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. गेटवेला जखमी झालेल्या नाशिककराला मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत साधारणपणे दोन वर्षांची. म्हणून भिजलेलं तिकीटसुद्धा वाळवून ठेवा, यूपीआयची नोंद जपा. ज्या बोटीने धडक दिली तिच्या मालकाला मात्र आपण पैसे मोजलेले नसतात. त्याच्याविरुद्ध दिवाणी दावा लागतो.

‘व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय, म्हणजे तो सुरक्षित आहे’ हेही खरं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरताना फाइल दाबून लहान केली जाते आणि चित्रणाचा मूळ तपशील गळतो. जालन्याच्या निवडणूक याचिकेतून उभ्या राहिलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं, की डिजिटल नोंदीची प्रत द्यायची तर कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच मालकाने हजर केलं तर ते लागत नाही. आता ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. ज्या फोनवर चित्रण झालं तो विकू नका, फॉरमॅट करू नका. धक्क्यावरच्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं. ते राखून ठेवा, असं पत्र पोलिसांना आणि धक्का चालवणाऱ्यांना लगेच द्या आणि पोच घ्या.

बुडता बुडता वाचलेला माणूस ‘मला काही झालं नाही’ म्हणत घरी जातो. फुफ्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देऊ शकतं, त्यामुळे आधी जिवासाठी आणि मग दाव्यासाठी त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवं. तिथे बोटीचा अपघात असं स्पष्ट सांगून केसपेपरवर मेडिको-लीगल नोंद करून घ्या. उपचारांची कागदपत्रं मागितल्यापासून 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

लाइफ जॅकेट घातलं नव्हतं म्हणजे दावा संपला, असं मालकाची माणसं सांगतात. प्रवाशाची चूक ठरली तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होऊ शकते, पण मालकाची जबाबदारी त्याने पुसली जात नाही. जॅकेटं पुरेशी होती का, ती हातात दिली का, हे आधी विचारलं जातं. तारकर्ली किंवा गोव्यात वॉटर स्पोर्ट्सआधी भरून घेतलेल्या ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या फॉर्मचंही तेच. त्यावर सही केली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. सरकारने जाहीर केलेली मदत घेतली तर दावा बुडतो, हीही भीती नको. ती सानुग्रह मदत असते, भरपाई नव्हे.

‘नीलकमल’ला 84 प्रवासी आणि 6 खलाशी नेण्याची परवानगी होती. बोटीवर शंभराहून अधिक माणसं होती. अशा वेळी परवाना, सर्वेक्षण प्रमाणपत्र, विमा आणि तांडेलाची पात्रता हे कागद निर्णायक ठरतात. महाराष्ट्र सागरी मंडळाकडे 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करून ते मागता येतात, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘समुद्र अचानक खवळला’ असा बचाव आला, तर त्या दिवसाचे हवामान खात्याचे इशारे आणि भरतीची वेळ काढून ठेवलेली बरी.

राहता राहिले साक्षीदार. लाँचवर शेजारी बसलेलं कुटुंब कोल्हापूरचं असतं, पलीकडचं केरळचं, कोणी परदेशी. एक-दोन दिवसांत सगळे आपापल्या गावी परततात आणि मग त्यांना शोधणं पोलिसांनाही जड जातं. त्यांची नावं आणि फोन नंबर घ्यायचे ते रुग्णालयाच्या व्हरांड्यातच, ओले कपडे अंगावर असतानाच.