नाव : छप्पन्न

‘तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत’ असे आपण भांडणात सहज म्हणून जातो. नेमके छप्पन्नच का, पंचावन्न किंवा सत्तावन्न का नाहीत, हे विचारायला त्या वेळी कुणाला सवड नसते. आपल्याकडे हा आकडा ‘हवे तेवढे’ या अर्थाने वापरला जातो. जपानात मात्र तो एका माणसाचे नाव होता, आणि नाव इतके विरळ की ते उच्चारताच एकच माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. गणित हा माझा अध्यापनाचा विषय असल्यामुळे आकड्यांकडे माझे लक्ष जरा अधिक जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात जपानी आरमाराचे सेनापती इसोरोकू यामामोतो यांच्या नावाचा अर्थ प्रथम वाचला, तेव्हा युद्ध बाजूला राहिले आणि मी त्या नावाच्याच मागे लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

इसोरोकू म्हणजे छप्पन्न. यात ओढाताण काही नाही. हे नाव जपानी लोक तीन चित्राक्षरांत लिहितात : पाच, दहा, सहा. पाच दाहे पन्नास, वर सहा. ४ एप्रिल १८८४ रोजी आजच्या निइगाता प्रांतातील नागाओका गावी हा मुलगा जन्माला आला, तेव्हा त्याचे वडील सादायोशी ताकानो छप्पन्न वर्षांचे होते. त्यांनी आपले वयच मुलाला नाव म्हणून दिले.

वडिलांना विनोदबुद्धी होती असे म्हणून येथे थांबता येईल. पण जपानी नावांची रीत पाहिली म्हणजे यात निव्वळ विनोद नव्हता हे कळते. मुलग्यांना क्रमांकाने हाक मारण्याची चाल तेथे फार जुनी. इचिरो किंवा तारो म्हणजे पहिला, जिरो दुसरा, साबुरो तिसरा, शिरो चौथा, गोरो पाचवा. ‘रो’ म्हणजे मुलगा, तरुण. बाराव्या शतकातला प्रसिद्ध योद्धा मिनामोतो योशित्सुने याला कुरो, म्हणजे नववा, म्हणत, आणि त्याचा चुलता तामेतोमो हा हाचिरो, म्हणजे आठवा. दहाच्या पुढे गेल्यावर काय करावयाचे? त्यावरही तोड निघाली. ११८५ साली याशिमाच्या लढाईत शत्रूच्या नावेवर उभारलेला पंखा एका बाणात पाडणारा धनुर्धर योइची हा बापाचा अकरावा मुलगा. योइची या नावाचा अर्थ ‘दहा होऊन वर उरलेला एक’! गणिताच्या वर्गात ‘हातचा’ समजावून सांगताना मला हे नाव हटकून आठवते.

अर्थात आकडा दिसला की तो जन्माचा क्रम असे धरून चालणे धोक्याचे. ११९३ साली बापाच्या खुनाचा सूड घेणारे सोगा बंधू जपानी नाटकांतून अजरामर झाले आहेत. त्यांत थोरल्याचे नाव जुरो, म्हणजे दहावा, आणि धाकट्याचे गोरो, म्हणजे पाचवा. आपल्या काळातला बेसबॉलपटू इचिरो सुझुकी याच्या नावात ‘एक’ आहे, पण तो घरातला धाकटा. ताकानोंच्या घरात गंमत अशी की हा मुलगा खरोखरच बापाचा सहावा मुलगा होता. रिवाजाप्रमाणे रोकुरो म्हटले असते तरी चालले असते. बापाने सहाचा आकडा कायम ठेवून त्याच्या आधी पन्नास जोडले, असेही म्हणता येईल.

वय हेच नाव, असा प्रकार इतरत्रही आढळतो. कादंबरीकार नाओकी (१८९१–१९३४) यांनी एकतिसाव्या वर्षी ‘एकतीस’ हे टोपणनाव घेतले, मग ‘बत्तीस’, मग ‘तेहतीस’, आणि चौतीस गाळून ते ‘पस्तीस’ म्हणजे सांजुगो येथे कायमचे थांबले. जपानातला मोठा वाङ्मयीन पुरस्कार १९३५ पासून त्यांच्याच नावाने दिला जातो. फिल्म सोसायटीच्या सभासदांना कुरोसावांचा ‘योजिम्बो’ (१९६१) आठवत असेल. त्यातला भटका सामुराई नाव विचारल्यावर खिडकीबाहेरचे तुतीचे शेत पाहून आडनाव बनवतो आणि पुढे ‘सांजुरो’, तिशीचा गडी, असे जोडून देतो. वर, आता चाळिशीकडे झुकलो आहे, अशी पुस्तीही जोडतो. तोशिरो मिफुने या नटाने हा सांजुरो रंगविला, आणि १९६८ साली याच नटाने पडद्यावर इसोरोकू यामामोतोही रंगविले. एकाच माणसाने तीस आणि छप्पन्न दोन्ही व्हावे हा योग मोठा मौजेचा!

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. जुन्या काळी आकड्याचे नाव हे सामुराईचे एकमेव नाव कधीच नसे. बाळपणी एक नाव, मोठेपणी हाक मारण्याचे दुसरे, आणि त्याखेरीज एक भारदस्त खरे नाव, ज्याला ‘इमिना’ म्हणत. इमिना या शब्दाचा अर्थच टाळावयाचे नाव. ते तोंडाने घेणे शिष्टसंमत नव्हते. आपल्याकडे पतीचे नाव न घेण्याची चाल होती, तिथे ती सर्वांनाच लागू होती म्हणा ना. १८७२ साली मेजी सरकारने फर्मान काढले की एका माणसाला एकच नाव. ज्याने त्याने आपल्या नावांपैकी एक निवडून सरकारी नोंदवहीत घालावे. अनेक नावांच्या या चालीमुळे गोंधळही होत. साइगो या थोर पुढाऱ्याचे खरे नाव ताकानागा. पण ते कधी कुणाच्या तोंडी नसल्यामुळे त्यांच्या मित्राने नोंद करताना चुकून त्यांच्या वडिलांचे नाव ताकामोरी असे सांगितले, आणि इतिहासात ते साइगो ताकामोरी म्हणूनच राहिले.

१८८४ साली जन्मलेल्या मुलाला या बदलामुळे एकच नाव मिळणार होते. वडिलांना सादायोशी हे जुन्या वळणाचे भारदस्त नाव होते. मुलाच्या वाट्याला नुसता आकडा आला, आणि त्यामागे दुसरे खरे नाव उरले नाही. त्या घरावर काय गुजरले होते हेही ध्यानात घ्यावे. नागाओका हे हरलेल्या पक्षाचे संस्थान. १८६८ च्या यादवी युद्धात तिथला किल्ला पडला, गाव बेचिराख झाले, सामुराईंचे वतन गेले. पुढे दारिद्र्य इतके की शेजारच्या एका संस्थानाने मदत म्हणून तांदळाची शंभर पोती पाठवली. तोरासाबुरो कोबायाशी या कारभाऱ्याने (यांच्याही नावात ‘तिसरा’ आहेच) ती भुकेल्या लोकांत न वाटता विकली आणि तो पैसा शाळेला लावला. सादायोशी ताकानो हे त्या पराभूत सैन्यातले एक, आणि पुढे शाळामास्तर. अशा माणसाने उतारवयात झालेल्या मुलाला पराक्रमाचे वा ऐश्वर्याचे नाव न देता, आपण किती वर्षे जगलो एवढेच सांगणारे नाव द्यावे, याला मी केवळ गंमत म्हणणार नाही. त्यांच्या मनात काय होते हे अर्थात त्यांनाच ठाऊक.

उच्चाराचा भाग सीमाभागातल्या वाचकांना विशेष रुचेल. जपानीत अंकांचे दोन संच नांदतात : एक घरचा, दुसरा चीनकडून लिपीबरोबर आलेला. आज छप्पन्न हा आकडा चिनी वळणाने ‘गोजुरोकू’ असाच वाचतात. पण या नावातला ‘इसो’ हा घरचा, जुना शब्द, आणि ‘रोकू’ हा चिनी. म्हणजे कन्नडातला ‘ऐवत्तु’ घ्यावा आणि त्याला संस्कृतातला ‘षट्’ चिकटवावा, तसे हे झाले. घरचे आधी व चिनी मागाहून अशा जोडशब्दांना जपानी वैयाकरण ‘युतो’ वाचन म्हणतात. युतो म्हणजे गरम पाण्याचे भांडे, आणि तो शब्दही असाच मिश्र आहे. घरच्या दशकांपैकी बरीच आता व्यवहारातून गेली आहेत. तीस या अर्थाचा ‘मिसो’ वर्षाच्या अखेरच्या दिवसाच्या नावात, ‘ओमिसोका’त, शिल्लक आहे (दिवस एकतिसावा, नाव तिसाचे!). पन्नासाचा अवशेष इसे येथील पवित्र नदीच्या इसुझु या नावात सापडतो. ते लिहिताना ‘पन्नास घंटा’ अशी अक्षरे घालतात. ट्रकवर जे इसुझु नाव आपण वाचतो ते या नदीवरूनच घेतलेले.

आडनावाचीही कथा आहे. १९१६ साली, बत्तीस वर्षांचे असताना, इसोरोकू नागाओकातल्याच यामामोतो घराण्यात दत्तक गेले. त्या घराचा कर्ता १८६८ च्या युद्धात मारला गेला होता आणि वंश खुंटला होता. आपल्याकडे बडोद्याच्या गादीवर १८७५ साली दत्तक गेलेले गोपाळराव सयाजीराव झाले. दत्तकाबरोबर नावही बदलले. इथे ताकानोंचे यामामोतो झाले, छप्पन्न मात्र छप्पन्नच राहिले. आकड्यांनी या गृहस्थाची पाठ काही सोडली नाही. १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईत त्यांची डाव्या हाताची दोन बोटे गेली. नखे रंगविण्याचा दर बोटाला दहा सेन होता, म्हणून गेइशा त्यांना ‘ऐंशी सेन’ म्हणत असे सांगतात.

अमेरिकेत राहून आलेला हा माणूस अमेरिकेशी युद्ध नको म्हणणाऱ्यांपैकी होता. तरीही पर्ल हार्बरवर हल्ला करण्याची कल्पना त्यांनी ७ जानेवारी १९४१ च्या पत्रात आरमारमंत्र्यांना लिहून कळविली. तारखांचा हिशेब केला तर त्या दिवशी त्यांचे वय पुरते छप्पन्न होते. यातून काही गूढ काढू नये. प्रत्येकाला छप्पन्नावे वर्ष एकदा लागतेच. १८ एप्रिल १९४३ रोजी बूगेनव्हिल बेटावर अमेरिकन विमानांनी त्यांचे विमान पाडले. वय एकोणसाठ.

मग हे नाव इतके विरळ का? कायद्याची आडकाठी नाही. मुलांच्या नावांत कोणती अक्षरे चालतील यावर १९४८ पासून जपानात मर्यादा आहे, पण अंकांची अक्षरे त्या मर्यादेच्या आतलीच. एक कारण उघड आहे : बाप छप्पन्न वर्षांचा असल्याशिवाय या नावाला अर्थ नाही. दुसरे, माझ्या मते अधिक वजनदार, कारण असे की इचिरो हे नाव लाखांचे असू शकते, इसोरोकू हे एकाच्या मालकीचे होऊन बसले. पर्ल हार्बरनंतर ते ठेवणे म्हणजे मुलाच्या डोक्यावर त्या माणसाचे सगळे ओझे, कौतुक आणि दूषण दोन्ही, ठेवणे. बापाने दिलेला अर्थ मागे पडला आणि मुलाच्या कर्तृत्वाने दुसरा अर्थ वर चढला. खुद्द इसोरोकूंनीही आपल्या मुलग्यांना आकड्यांची नावे दिली नाहीत.

२६ मे २०२५ पासून जपानच्या कुटुंब-नोंदवहीत नावाच्या अक्षरांबरोबर त्याचा उच्चारही लिहावा लागतो. तोवर तशी सक्ती नव्हती. अक्षरे सरकारची, उच्चार घरचा असा मामला होता. पाच, दहा आणि सहा ही अक्षरे तिथल्या मुलांना शाळेच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. सहा वर्षांचे मूलही ती तीन अक्षरे पाहून ‘गोजुरोकू’ असे बिनचूक वाचील. ‘इसोरोकू’ मात्र कुणीतरी सांगितल्याखेरीज वाचता यावयाचे नाही.